जननांगावर चामखिळी असतील, तर गर्भाशयमुखाची तपासणी किती वेळा करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३४. तीन महिन्यांपूर्वी बाह्य जननांगावर चामखिळी आढळल्या आणि द्रव नायट्रोजनने त्या गोठवण्याचे उपचार सुरू आहेत. दोन वर्षांपूर्वी केलेली पॅप तपासणी, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, सामान्य होती. आता एका डॉक्टरांनी सांगितले, की चामखिळी एचपीव्ही विषाणूमुळे होतात आणि गर्भाशयमुखाचा कर्करोगही त्याच विषाणूमुळे होतो, म्हणून यापुढे दर सहा महिन्यांनी पॅप करत जा. तुम्ही धास्तावून दुसरीकडे गर्भाशयमुखाची एचपीव्ही तपासणी करून घेतली, तर ती निगेटिव्ह आली. मग चामखिळींचे निदान चुकले की प्रयोगशाळेचा अहवाल चुकला, आणि तपासणी नेमकी किती वेळा करायची, असे तुम्ही विचारले आहे.

या प्रश्नाच्या मुळाशी एक भीती आहे आणि ती माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक रुग्णांच्या मनात असते: या चामखिळी म्हणजे कर्करोगाची सुरुवात तर नव्हे ना? त्यामुळे उत्तर आधीच सांगतो. त्या सुरुवात नव्हेत. निदान चुकलेले असण्याची शक्यता कमी आहे, अहवालही बहुधा बरोबर आहे आणि केवळ चामखिळी झाल्या म्हणून गर्भाशयमुखाच्या तपासणीचे वेळापत्रक बदलत नाही. ते तुमच्या वयाच्या इतर कोणत्याही स्त्रीसारखेच राहते. काही परिस्थितींत मात्र ते बदलते आणि त्या परिस्थितींकडे मी पुढे येणारच आहे, कारण दुरून उत्तर देताना तुमच्या बाबतीत त्यांपैकी काही लागू आहे का, हे मला ठाऊक नाही.

एचपीव्ही हे दोनशेहून अधिक प्रकारांच्या एका मोठ्या कुळाचे नाव आहे. त्यांपैकी सुमारे चाळीस प्रकार जननांगाच्या त्वचेत आणि अंतस्त्वचेत वस्ती करू शकतात. जननांगावरील चामखिळींपैकी सुमारे ९० टक्के चामखिळी ६ आणि ११ या दोन क्रमांकांच्या प्रकारांमुळे होतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्क्यांच्या मागे १६ आणि १८ हे प्रकार असतात आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांमागे ३१, ३३, ४५, ५२, ५८ यांसारखे इतर ‘जास्त जोखमीचे’ प्रकार असतात. ६ आणि ११ या यादीत नाहीत. त्यांची काही प्रथिने पेशींची वाढ करून गाठ उभी करतात खरी, परंतु पेशीतील राखणदार यंत्रणा मोडून काढण्याची जी ताकद १६ आणि १८ च्या प्रथिनांत आहे, ती त्यांच्यात फारच क्षीण आहे. म्हणून चामखीळ कितीही मोठी झाली किंवा पुन्हा पुन्हा आली, तरी तिचे रूपांतर होत होत शेवटी गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो, अशी साखळी नाही.

तुमच्या डॉक्टरांनी घातलेली सांगड अगदीच निराधार नाही, हेही सांगायला हवे. विज्ञान स्वतः याच वाटेने गेले आहे. जर्मनीतील हॅराल्ड त्सूर हाउझेन यांच्या गटाने आधी चामखिळींतून आणि स्वरयंत्रातील तशाच गाठींतून ६ आणि ११ हे प्रकार वेगळे केले आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगातही तेच सापडतील अशी त्यांची अटकळ होती. ते तिथे जवळजवळ सापडलेच नाहीत. त्यानंतर त्यांच्या नातलग प्रकारांचा शोध घेताना १९८३ मध्ये १६ आणि १९८४ मध्ये १८ हा प्रकार कर्करोगाच्या पेशींत हाती लागला. या कामासाठी त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे ‘चामखीळ तोच विषाणू, कर्करोग तोच विषाणू’ ही कल्पना तपासून पाहिली गेली आणि ती चुकीची ठरली, त्याला आता चाळीस वर्षे होऊन गेली.

आता तुमच्या निगेटिव्ह अहवालाकडे पाहू. गर्भाशयमुखाची एचपीव्ही तपासणी सहसा चौदा जास्त जोखमीच्या प्रकारांचाच शोध घेते. ६ आणि ११ त्यातून जाणूनबुजून वगळलेले असतात, कारण ते सापडले तरी कर्करोगाच्या दृष्टीने त्यातून काही निष्पन्न होत नाही आणि रुग्णाची झोप मात्र उडते. त्यामुळे अंगावर चामखिळी आणि हातात निगेटिव्ह अहवाल, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. उलट बाजूही ध्यानात ठेवा: ही तपासणी चामखिळींच्या निदानासाठी नाही. चामखिळी डोळ्यांनी पाहून ओळखल्या जातात आणि क्वचित शंका असेल तर तुकडा काढून तपासल्या जातात. चामखीळ नेमकी कोणत्या प्रकाराची हे प्रयोगशाळेतून शोधून काढण्याचा आग्रह काही रुग्ण धरतात. मी तो मान्य करत नाही, कारण उत्तर काहीही आले तरी उपचार तोच राहतो.

इथे एक रास्त आक्षेप येतो. ज्या संबंधातून ६ किंवा ११ आला, त्याच संबंधातून १६ आलाच नसेल कशावरून? आला असू शकतो. एकाच व्यक्तीत एकाहून अधिक प्रकार आढळणे सर्रास घडते. डेन्मार्कमध्ये राष्ट्रीय नोंदींच्या आधारे चामखिळी झालेल्या लोकांचा दीर्घकाळ मागोवा घेतला गेला, तेव्हा त्यांच्यात योनिमुखाच्या आणि गुदद्वाराच्या कर्करोगाचे प्रमाण इतरांपेक्षा ठळकपणे जास्त दिसले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगातली वाढ मात्र थोडीच होती. मी याचा अर्थ असा लावतो, की चामखीळ हा लैंगिक संबंधातून विषाणूशी गाठ पडल्याचा पुरावा आहे. पण लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्रियांची आयुष्यात कधी ना कधी कुठल्या तरी एचपीव्हीशी गाठ पडतेच आणि नियमित तपासणीचे वेळापत्रक हे गृहीत धरूनच आखलेले असते. शिवाय जास्त जोखमीचा प्रकार सोबत आलाच असेल, तर तो शोधणे हेच एचपीव्ही तपासणीचे काम आहे आणि तुमच्यात तो सापडलेला नाही.

‘पण जास्त वेळा तपासले तर बिघडले कुठे?’ हा यानंतरचा हमखास प्रश्न. याला मी थोडा वेळ देतो, कारण दर सहा महिन्यांच्या सल्ल्याचे नुकसान चटकन दिसत नाही. जास्त जोखमीच्या एचपीव्हीचा संसर्ग झाला तरी सुमारे ९० टक्के वेळा तो दोन वर्षांच्या आत शरीर स्वतःच परतवून लावते किंवा दाबून टाकते. त्या काळात गर्भाशयमुखाच्या पेशींत किरकोळ बदल दिसू शकतात आणि तेही आपोआप मावळतात. जो संसर्ग वर्षानुवर्षे चिकटून राहतो, त्यातूनच कर्करोगपूर्व बदल आणि पुढे कर्करोग होतो. प्रतिकारशक्ती सामान्य असेल तर या प्रवासाला साधारण १५ ते २० वर्षे लागतात. अशा संथ आजाराला दर सहा महिन्यांनी गाठायला गेले, तर आपल्या हाती लागतात ते प्रामुख्याने मावळू पाहणारे बदल. मग कोल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुख पाहणे), मग बायोप्सी (तुकडा काढून तपासणे), मग ‘असू दे, काढून टाकू’ म्हणून गर्भाशयमुखाचा एक भाग काढणारी शस्त्रक्रिया. ही शस्त्रक्रिया खरी गरज असेल तेव्हा जीव वाचवते. मात्र तिच्यामुळे पुढच्या गरोदरपणात वेळेआधी प्रसूती होण्याची जोखीम वाढते आणि जितका खोल भाग काढला जातो तितकी ती जास्त वाढते. ज्या बाईला अजून मूल हवे आहे, तिच्यासाठी ही किरकोळ किंमत नव्हे. मधल्या प्रत्येक टप्प्यावर अहवालाची वाट पाहण्यात जे दिवस जातात, ते वेगळेच.

म्हणूनच अमेरिकेच्या रोग नियंत्रण आणि प्रतिबंध केंद्रांच्या लैंगिक संसर्गांविषयीच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे, की चामखिळी असलेल्या स्त्रियांना इतरांपेक्षा जास्त वेळा पॅप करण्याची गरज नाही. ब्रिटनमधील भूमिकाही हीच आहे. वेळापत्रक प्रत्येक देशात थोडे वेगळे असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षापासून दर ५ ते १० वर्षांनी एचपीव्ही तपासणी सुचवली आहे. काही देशांत ती पंचविशीपासून सुरू होते आणि जिथे केवळ पॅप केली जाते तिथे साधारण तीन वर्षांचे अंतर असते. पॅपपेक्षा एचपीव्ही तपासणीनंतरचे अंतर मोठे का, याचे कारण असे, की एकट्या पॅप तपासणीतून बरेच काही निसटू शकते आणि ती उणीव पुनरावृत्तीने भरून काढावी लागते. एचपीव्ही तपासणी निगेटिव्ह आली, तर पुढची काही वर्षे गंभीर बदल होण्याची शक्यता फार कमी असते.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. एचआयव्हीचा संसर्ग असेल, अवयव प्रत्यारोपण झाले असेल, किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दीर्घकाळ चालू असतील, तर सगळा हिशेब बदलतो. अशा स्त्रियांत संसर्ग टिकून राहतो आणि १५–२० वर्षांचा तो प्रवास ५ ते १० वर्षांतही होऊ शकतो. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांसाठी जागतिक आरोग्य संघटना पंचविसाव्या वर्षापासून, दर ३ ते ५ वर्षांनी तपासणी सुचवते. चामखिळी फार पसरलेल्या असतील किंवा उपचारांना अजिबात दाद देत नसतील, तर मी एचआयव्हीची रक्ततपासणी आवर्जून करायला सांगतो. खरे तर चामखिळींचे नवे निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाने एचआयव्ही, सिफिलिस, क्लॅमिडिया आणि गोनोरिया यांच्या तपासण्या एकदा करून घ्याव्यात. चामखिळींनंतरची सर्वांत उपयोगी तपासणी कोणती असे मला विचारले, तर मी पॅपपेक्षा या तपासण्यांचे नाव आधी घेईन.

पूर्वी कधी गर्भाशयमुखात मध्यम किंवा तीव्र कर्करोगपूर्व बदल आढळून उपचार झाले असतील, तरीही सामान्य वेळापत्रक लागू होत नाही. अमेरिकी सूचनांनुसार अशा स्त्रीवर किमान २५ वर्षे लक्ष ठेवावे लागते. एचपीव्ही पॉझिटिव्ह आली असेल, तर पुढचे पाऊल त्या अहवालावरून ठरते. त्यात चामखिळींचा काही संबंध नसतो. गर्भाशय काढताना गर्भाशयमुखही काढले असेल आणि पूर्वी गंभीर बदल नसतील, तर तपासणीचीच गरज राहत नाही. आणि शरीरसंबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी कायमची थांबल्यावर रक्त जाणे, दुर्गंधीयुक्त स्राव सतत होणे, अशी लक्षणे असतील तर ‘माझी तपासणी दोन वर्षांनी आहे’ म्हणून थांबायचे नाही. नियमित तपासणी ही लक्षणे नसलेल्या स्त्रीसाठी असते. लक्षणे असतील तर ताबडतोब प्रत्यक्ष तपासून घ्यावे, मागचा अहवाल कितीही चांगला असो.

चामखीळ कुठे आहे आणि कशी दिसते, हेही महत्त्वाचे आहे. बाहेरच्या त्वचेवरची चामखीळ आणि खुद्द गर्भाशयमुखावरची चामखीळ यांत मोठा फरक आहे. स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडून आत पाहण्याचे साधन, लावल्यावर गर्भाशयमुखावर चामखिळीसारखी वाढ दिसली, तर तिच्यावर कोणताही उपचार करण्याआधी तज्ज्ञाने ती कोल्पोस्कोपीखाली पाहून आवश्यक तर बायोप्सी घ्यावी, असे माझे ठाम मत आहे, कारण तिथला गंभीर बदलही वरवर तसाच दिसू शकतो. घरी लावायची औषधे, म्हणजे पोडोफायलोटॉक्सिन किंवा इमिक्विमॉड, आत लावण्यासाठी नाहीत, हे पुन्हा बजावतो. बाहेरची वाढसुद्धा काळपट रंगाची, घट्ट, बुडाशी चिकटलेली, जखम झालेली किंवा सहज रक्त येणारी असेल, किंवा पाळी गेल्यानंतर प्रथमच उद्भवली असेल, तर तुकडा तपासल्याशिवाय तिला चामखीळ म्हणू नये. योनिमुखावरचे कर्करोगपूर्व बदल चामखिळीचे सोंग घेऊन येऊ शकतात. पॅप तपासणी ते पकडत नाही, कारण तिचा नमुना गर्भाशयमुखाचा असतो. त्यासाठी डोळे आणि बायोप्सी हीच साधने आहेत.

याच्या उलटही घडते. योनिद्वाराच्या आतल्या बाजूला काही स्त्रियांना जन्मजात रचनेचा भाग म्हणून दोन्हीकडे सारखे, मऊ, गुलाबी, बारीक उंचवटे असतात. प्रत्येकाचे बूड वेगळे असते. चामखिळीत मात्र एकाच बुडातून अनेक टोके निघालेली दिसतात. हे नैसर्गिक उंचवटे चामखिळी समजून महिनोन्‌महिने जाळले गेलेल्या स्त्रिया माझ्याकडे आल्या आहेत. सिफिलिसच्या दुसऱ्या टप्प्यातले चपटे, ओलसर चट्टेही चामखिळीसारखे भासतात. ते गोठवून जात नाहीत. त्यांना पेनिसिलिन लागते.

प्रत्यक्ष तपासणीबद्दल थोडे. बाहेर चामखिळी असल्या तरी नमुना घेता येतो आणि त्यामुळे अहवाल बिघडत नाही, कारण नमुना गर्भाशयमुखाचा घेतला जातो. नमुना घेणाऱ्या व्यक्तीला आधी सांगून ठेवा. ती लहान स्पेक्युलम निवडू शकते आणि दुखऱ्या जागा टाळू शकते. चामखिळी नुकत्याच गोठवल्या किंवा आम्लाने जाळल्या असतील आणि जागा सोललेली असेल, तर मी दोन-तीन आठवडे थांबायला सांगतो. कारण एवढेच, की तपासणी विनाकारण वेदनादायक होऊ नये, नाहीतर पुढच्या वेळी बाई येतच नाही. जिथे स्वतः नमुना घेण्याची सोय आहे, तिथे योनीतून स्वतः घेतलेला नमुनाही एचपीव्ही तपासणीसाठी विश्वासार्ह असतो. स्पेक्युलमची धास्ती असणाऱ्यांसाठी तो चांगला पर्याय आहे.

पॅपच्या अहवालात कधी कधी ‘एचपीव्हीचे परिणाम दिसतात’ किंवा ‘कमी श्रेणीचे बदल’ असे लिहिलेले असते. हे बदल ६ आणि ११ मुळेही होऊ शकतात. त्यातून पुढे काय करायचे, हे जास्त जोखमीच्या एचपीव्हीच्या निकालावरून आणि वयावरून ठरते. चामखिळींच्या संख्येवरून ते ठरवले जात नाही.

गरोदरपणाचा विचार असेल, तर दोन गोष्टी आत्ताच सांगतो. गरोदरपणात चामखिळी झपाट्याने वाढू शकतात आणि प्रसूतीनंतर बहुधा आक्रसतात. त्या काळात पोडोफायलोटॉक्सिन वर्ज्य आहे, गोठवण्याचा उपचार चालतो. आणि केवळ चामखिळी आहेत म्हणून सिझेरियन करत नाहीत. त्या वाट अडवत असतील किंवा फार रक्तस्राव होईल असे वाटत असेल, तरच तो विचार होतो.

लस घ्यावी का, हेही बहुतेक जणी विचारतात. २००६ मध्ये आलेल्या चार प्रकारांवरच्या लशीत ६, ११, १६ आणि १८ चा समावेश होता आणि २०१४ मध्ये मान्यता मिळालेली नऊ प्रकारांवरची लस त्यापुढे जाते. फक्त १६ आणि १८ वरची लस चामखिळींपासून वाचवत नाही. कोणतीही लस असलेल्या चामखिळी घालवत नाही किंवा झालेला संसर्ग परतवत नाही. ज्या प्रकारांशी अजून गाठ पडलेली नाही, त्यांपासून संरक्षण मिळते आणि वयाबरोबर हा लाभ घटत जातो. ३४ व्या वर्षी लस घ्यावी की नाही, हे पुढच्या आयुष्यात नव्या जोडीदाराची शक्यता किती, यावर बरेच अवलंबून आहे. घेतली तरी नियमित तपासणी सुटत नाही.

जोडीदाराविषयी तुम्ही विचारले नाही, पण हा प्रश्न मागोमाग येतोच. पुरुषासाठी एचपीव्हीची नित्याची तपासणी नाही. त्याला चामखिळी दिसत असतील तर उपचार घ्यावेत, एवढेच. संसर्गानंतर चामखिळी सहसा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उगवतात, मात्र कधी कधी त्याहून बराच काळ मध्ये जातो. त्यामुळे आज चामखीळ दिसली, यावरून आज कोणी कोणाला फसवले असा निष्कर्ष काढता येत नाही. कंडोममुळे धोका कमी होतो, पण न झाकलेल्या त्वचेतूनही विषाणू जात असल्याने तो पूर्ण टळत नाही. धूम्रपान करत असाल तर ते सोडण्याला चामखिळी आणि गर्भाशयमुख, दोन्हींच्या दृष्टीने कारण आहे.

तुमच्यापुरते बोलायचे, तर प्रतिकारशक्ती सामान्य असेल, पूर्वी गर्भाशयमुखावर उपचार झालेले नसतील, वर सांगितलेली लक्षणे नसतील आणि स्पेक्युलमने पाहताना गर्भाशयमुख स्वच्छ दिसले असेल, तर आत्ताची निगेटिव्ह एचपीव्ही तपासणी हीच तुमची या फेरीची तपासणी झाली. त्यावर आणखी पॅप करण्याची गरज मला दिसत नाही. पुढची तपासणी तुमच्या देशातील वेळापत्रकानुसार, बहुतेक ठिकाणी पाच वर्षांनी. सहा महिन्यांचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना ‘चामखिळींखेरीज आणखी काही कारण आहे का?’ असे सरळ विचारा. वरच्यांपैकी काही त्यांच्या नोंदीत असेल, तर त्यांचे म्हणणे बरोबर आणि माझे तुमच्या बाबतीत लागू नाही. चामखिळींचा पाठपुरावा मात्र वेगळा चालू ठेवा. त्या पुन्हा येतात तेव्हा बहुधा उपचारानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत येतात, म्हणून त्या काळात एक-दोनदा दाखवून घ्यावे. त्या प्रत्येक भेटीत पॅप करून घ्यावी लागत नाही.